उशिराचं कारण

उत्तर बुर्किना फासो. प्राथमिक प्रमाणपत्राच्या परीक्षेचं केंद्र, सकाळ.

मास्तर, फाटक जरा धरून ठेवा.
घंटा ऐकली आम्ही,
पाणवठ्याच्या वळणावर होतो.
पोरं उतरून धावायला निघाली,
मी म्हटलं, बसा,
धावलात तर लिहिताना हात थरथरेल.

मी नोआगा. गाडी माझी, गाढव मेहुण्याचं.
एरवी पाण्याची पिंपं वाहतो.
पोरं काल अंधार पडल्यावर निघाली,
बाजरीच्या पोत्यांखाली.
पेन्सिली एका पोत्यात, पार तळाशी,
प्रवेशपत्रं पेन्दाच्या लुंगीच्या काठात शिवलेली.
तिच्या आईनं टाके इतके बारीक घातलेत
की उसवायला वेळ लागतोय,
तोही धरा उशिरात.

आमची शाळा तीन पावसाळे बंद आहे.
बंद म्हणजे, भिंती आहेत.
फळ्यावर तारीख आहे, पुसायला कोणी जात नाही.
आवारातल्या गवताला शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत
असं लोक सांगतात.
खोटं आहे. शेळ्या खातात.
पोरं शिकली ती कूकाच्या चुलतीच्या कणगीमागं,
रेडिओचा आवाज इतका बारीक
की तिघं ऐकायची आणि चौथ्याला सांगायची.

वाटेत सातचा पाढा चालला होता,
पोत्याखालून, ओठातल्या ओठात.
सात सक बेचाळीसला गाढव थांबलं.
मला वाटलं, खड्डा असेल.
पुढे दोन मोटरसायकली उभ्या, दिवे विझवलेल्या.

पोत्यात काय? बाजरी, म्हटलं.
एकानं बंदुकीच्या टोकानं बाजरी ढोसली,
आणि बाजरी खोकली.

उतरवलं चौघांना.
शाळेत जाता? कोणी बोललं नाही.
नमाज येते? येते. म्हणून दाखवली,
यम्बी एका जागी अडखळला, त्यांनीच पुढचा शब्द दिला.
मला वाटलं, सुटलो.

मग दुसरा, माझ्या धाकट्याच्या वयाचा,
खिशातून चुरगळलेला कागद काढून म्हणाला,
तुमच्यात वाचता कुणाला येतं?

मास्तर, तुम्ही लोकांनी
एक गोष्ट फार पक्की शिकवलीय पोरांना.
प्रश्न आला की हात वर.
बुरैमाचा गेला.
पेन्दाचाही निघाला होता, खांद्यापर्यंत आला होता.
बुरैमानं तो खाली दाबला की तिनंच घेतला,
अंधार होता, मला विचारू नका.
तिलाही विचारू नका, निदान आज.

वाचला त्यानं. बॅटरीच्या उजेडात,
वर्गात उभं राहून वाचतात तसा,
खणखणीत, स्वल्पविरामाला थांबत.
औषधाचा कागद होता.
किती चमचे, दिवसातून किती वेळा,
लहान मुलाला द्यायचं तर निम्मं.
ऐकणारा प्रत्येक ओळीला मान हलवत होता.
पुन्हा वाच म्हणाला, त्यानं पुन्हा वाचलं.
मग म्हणाला, हा राहील आमच्याकडे.

मी काय केलं?
मी लगाम धरून उभा होतो.
पुढं काय लिहायचं असेल तर तेवढंच लिहा.

हे चौथं प्रवेशपत्र.
नंबर कोणता ते मला कळत नाही,
पेन्दा सांगेल.
एक बाक ह्याचा सोडा.
वाऱ्यानं उडेल, वर एखादा खडा ठेवा.
आणि हजेरीत नाव आलं तर गैरहजर लिहू नका.
हजरही कसं लिहिणार म्हणा.
तुम्ही शिकलेले, तिसरा शब्द असेल तुमच्याकडे.

घ्या आता तिघांना आत.
मी इथं कडुनिंबाखाली आहे, गाढवाला पाणी दाखवतो.
संध्याकाळी परत न्यायचंय,
दुसऱ्या रस्त्यानं, असला तर.
तेवढं एक सांगून जा, मास्तर,
पोरं मध्येच थांबली, तेव्हापासून डोक्यात अडकलंय:
सात साते किती?