पाण्याची पाळी

पहाटे साडेपाचची घंटा माचामेच्या उतारावरून
केळीच्या पानापानावर थांबत खाली येते,
आणि मी उठायच्या आधीच
ती उठून बसलेली असते,
माझ्यातली जुनी बाई.
चुलीपाशी हिशोब घालते,
कोण कधी काय बोललं,
कोणाच्या बकरीनं कोणाचं गवत खाल्लं.

काल रात्री पाळी आइकांडेची होती.
किलिमांजारोच्या रानातून उतरलेलं पाणी
पाटानं तिच्या कॉफीकडे निघालं होतं.
मी कंदील न घेता गेले.
चार ढेकळं, केळीचं एक सोपट तिच्या तोंडाशी,
आणि माझं दारं मोडलं.
पाणी काही विचारत नाही.
माझ्या वाफ्यात शिरलं, शहाण्या वासरासारखं.

रांजणातलं गार पाणी तोंडावर घेतलं.
आई सांगायची, तोंड धुताना आठव,
या कपाळाला एकदा पाणी लागलंय.
आठवते मी. रोज.
कधी कधी साबण डोळ्यांत गेल्यावर.

देवळात तेरा माणसं.
डालाडालाचा ड्रायव्हर गॉडलिस्टन, किल्ली बोटात फिरवत.
शाळेची दोन पोरं, अर्धी झोपेत.
म्झे एलियावोनी आणि त्यांचं पोचे पडलेलं पितळी वाद्य,
ज्यात सुराआधी थुंकी खुळखुळते.
तेच शब्द, तेच बाक, खोकलाही त्याच जागी.
तरुणपणी कंटाळा यायचा मला.
आता वाटतं, पाट तरी रोज नवा कोण खणतं?
तो आजोबांनी खणला.
आपण फक्त गाळ काढायचा.

पापांगीकार आला. सगळे एका सुरात म्हणाले, 'आम्ही'.
त्या 'आम्ही'त लपायला बरी जागा असते.
मी लपले.
तेवढ्यात शेजारून गीतांचं पुस्तक सरकलं.
माझा चष्मा घरी राहतो, हे आइकांडेला ठाऊक.
तिनं ओळीवर बोट ठेवलं माझ्यासाठी.
नखात चिखल.
ओला.

वेदीवरून क्षमेचे शब्द आले,
न मागता, फुकट, पाटाच्या पाण्यासारखे,
आणि माझ्याच्यानं ते पिववेनात.

बाहेर उजाडलं होतं.
"दारं मी मोडलं," म्हटलं.
"माहीत आहे. बांधलं मी.
तुझा वाफा भिजेपर्यंत थांबले होते."
मग शालीचं टोक खोचत,
"रविवारी लिलावाला घड आणशील ना?
मागच्या वेळी नुसती अंडीच अंडी होती."

जुनी बाई बुडाली, असं नाही.
दुपारीच वर आली, केस झटकत,
कारण आइकांडेची कॉफी माझ्याहून लवकर लाल होतेय.

आता रात्र.
कपाळावर क्रूस काढला, दिवा मालवला,
पांघरूण ओढलं.
कुंपणापलीकडे पाट बोलतोय.
मंगळवारपर्यंत पाळी तिचीच.
मी ऐकते.
उठत नाही.