खाल्ल्या मिठाला

सोहारमध्ये घाम फुकट आहे.
बंदरावर, बसस्टॉपच्या तापल्या बाकावर
कुणीही तांब्याभर देईल.
मला हवे असतात
आठ महिन्यांच्या एका हातावरचे चार थेंब,
आणि तेवढ्यासाठी
अर्धा तास.

हैथम त्याचं नाव.
जुलैत दोनदा मलूल पडला, दोनदा सलाईन,
दोनदा कागदावर लिहिलं गेलं: ऊन बाधलं.
खातो पुष्कळ, अंगी लागत नाही.
लंगोट तेलकट. खोकला ओला, जुना.
तिसऱ्या खेपेला त्याची आई, शम्सा,
ओठाला बोट लावून म्हणाली,
मिल्ह.
पापी घेतली की मिल्ह.

माझं अरबी दवाखान्यापुरतं:
कुठे दुखतं, श्वास घे, हलू नकोस.
पण हे कळलं.
मी शिरोड्याची. बाबा मिठागरातून यायचे
गुडघ्यापर्यंत पांढरे.
आई ओरडायची, आधी पाय धुवा, मग पोरीला घ्या.
ते ऐकायचे नाहीत,
आणि मी त्यांचा खांदा चाटून बघायचे, वासरासारखी.
एवढं सांगायला शब्द नव्हते.
नुसतं म्हटलं, मिल्ह, मीठ.
तीही म्हणाली, मीठ.
मग मी पट्टे बांधले.

पाच मिनिटं बारीक करंट. मुंग्या येतात, दुखत नाही.
कातडीवर लाल वर्तुळ, पंचवीस बैसाच्या नाण्याएवढं,
त्यावर वेटोळी नळी,
नळीत सरकणारी निळी रेघ.
ए.सी. बंद केला. हात चादरीत गुंडाळला.
शम्सा त्या रेघेकडे बघत राहिली,
दूध उतू जाईल म्हणून बघावं तशी.

साठच्या वर गेलं की झालं.
अठ्ठ्याण्णव.
दुसऱ्या हाताचे एकशे एक.

आकडा सांगायचा तो डॉक्टरांनी.
मी सही करते, नळी ठेवते, नजर खाली.
दारात ती विचारते, सगळं ठीक?
मी म्हणते, हातावरचा डाग
संध्याकाळपर्यंत जाईल.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे मीठच अंगाला जागत नाही,
कातडीवर पळून येतं,
आत छातीत कफाचा चिकट पाक.
आणि उपाय काय, तर पुन्हा मीठ:
दुधात चिमूटभर,
मास्कमधून खाऱ्या पाण्याचं धुकं.
घासाआधी दाणेदार औषध, सफरचंदाच्या गरात.
एक गोळीही आहे म्हणे, मस्कतहून यायची.
आधी जनुकात नेमकी चूक कुठे ते कळायला हवं,
मग फाइल, मग कुणाची तरी सही.

बाप, खलफान, टगबोटीवर काम करतो.
दोरखंडांनी सोललेले हात.
पोराला मांडीवर पालथा घेऊन
हवेतच थांबला, थाप काही पडेना.
तळवा खोलगट ठेवा, मी म्हटलं,
आणि माझ्या तोंडून मराठीच निघालं:
भाकरी थापतात ना, तसं.
काय कळलं त्याला, देव जाणे.
थप. थप.
पोरगं खोकलं, मग हसलं, मग पुन्हा खोकलं.

पार्किंगमध्ये मी माझा दंड चाटून बघितला.
खारट. बेताचा.
बाबांना फोन लावला, आणि काय बोलावं सुचेना.
विचारलं, पाय धुतलेत का?
ते म्हणाले, मिठागर बंद होऊन
नऊ वर्षं झाली, पोरी.