चौथं पान

करारनामा पाच पानांचा.
ऑरिनने सह्या केल्या सहा,
व्हर्ना टॉलफसनच्या काउंटरवर,
दोरीने बांधून ठेवलेल्या पेनाने.
बाहेर सूर्यफुलांची शेतं संपतात तिथे धावपट्टी सुरू होते,
आणि नॉर्थ डकोटातला वारा
कुणाचीही सही न घेता आडवा येतो.

तासाला एकशे साठ डॉलर, इंधन धरून.
"विमा आहे ना?" त्याने विचारलं,
किल्ली बोटाभोवती फिरवत.
"आहे की," ती म्हणाली.
हे खोटं नव्हतं.
कुणाचा आहे, हे त्याने विचारलं नाही.
तिनेही सांगितलं नाही, कारण फोन वाजत होता.

ऑरिन दिवसभर कवळ्या घडवतो.
दुसऱ्यांच्या तोंडाचे साचे,
मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाचा हिशेब.
शनिवारी मात्र वर जातो,
जिथून धान्याची कोठारं पत्त्यांच्या जोडासारखी दिसतात
आणि कुणीही तोंड उघडत नाही.

त्या शनिवारी उतरताना
टायर टेकले, उडाले,
पुन्हा टेकले, उडाले,
तिसऱ्यांदा नाक आधी खाली आलं
आणि प्रोपेलरने डांबराचा चावा घेतला.
अकरा खुणा, एकेक वीतभर अंतरावर.

कुणाला खरचटलंही नाही.
मालक लाइल ब्रेकी धावत आला तो कॉफी घेऊन,
म्हणाला, "जीव आहे ना, बस्स. बाकी पत्रा आहे."
तो मनापासून म्हणाला.
ते वाक्य कुठल्याच पानावर नव्हतं.

मग फार्गोहून एक माणूस आला, टेप घेऊन.
खुणांवर खडूने आकडे टाकले,
दोनदा शिंकला, सूर्यफुलांमुळे असेल.
इंजिन उघडावं लागलं:
बाहेरून धड दिसलं तरी
आत काय तडकलंय, सांगता येत नाही.
कंपनीने लाइलला चेक दिला, वेळेवर, पूर्ण रकमेचा.

आणि मग कंपनी लाइलच्या जागी जाऊन उभी राहिली.
लाइलचा राग नाही, लाइलची कॉफी नाही,
फक्त लाइलचा हक्क घेऊन.
जबाब मागायला दारी कुणी आलं नाही,
आलं ते पत्र,
नोव्हेंबरात, बर्फाने ओलं झालेलं:
एकतीस हजार चारशे डॉलर.

ऑरिनने करार काढला.
चौथं पान, खालून तिसरी ओळ.
विमा विमानाचा. उडवणाऱ्याचा नव्हे.
दोन शब्दांमधला तो एवढासा 'न',
तो सगळा त्याच्या वाट्याला आला.

व्हर्ना त्या रात्री झोपली नाही.
नवऱ्याला म्हणाली, "मी 'आहे की' म्हणाले होते."
तो म्हणाला, "मग होताच ना?"
"हो," ती म्हणाली, "तेच तर."

आता ती चौथं पान वाचून दाखवते.
प्रत्येकाला, मोठ्याने, चष्मा लावून.
लोक घड्याळ बघतात.
एक पोरगा म्हणाला, आजी, हवा निघून चाललीय.
ती म्हणाली, जाऊ दे, परत येते.
वर्षाला अडीचशे-तीनशेत भाडेकऱ्याचा वेगळा विमा मिळतो,
त्याचे फॉर्म तिने चॉकलेटच्या बरणीखाली ठेवलेत,
म्हणजे चॉकलेट घेताना हात लागतोच.

ऑरिन हप्ते भरतो.
सत्तावीस झाले, बरेच उरलेत.
दुसऱ्या वसंतात तो पुन्हा आला.
फॉर्म भरला, खिशात ठेवला,
करार उभ्याने वाचला, पाचही पानं,
आणि विमानाजवळ जाऊन
नव्या प्रोपेलरच्या कडेवर अंगठा फिरवला,
कवळीची धार पाहतो तसा.

"हा माझा आहे, लाइल," तो म्हणाला.
लाइल हसला नाही.
"आहे खरा," तो म्हणाला,
आणि तासांचा काटा बघून
वहीत आकडा लिहिला:
भाडं, नेहमीचं.