बुटातला चेंडू

डब्यूक, आयोवा. सप्टेंबर संपत आलाय.
नदीवरून वारा येतो, त्याला डिझेलचा वास.
वेंडेल प्रॅथर माझ्या टेबलावर पाय टाकून विचारतो,
"उद्या कोण?"

मालिका दोन-दोन. उद्या हरलो तर गाशा गुंडाळायचा,
जिंकलो तर आणखी एक आठवडा बस, मोटेल,
आणि थंडगार पिझ्झा.

मी इथला आकडेवाला.
आमच्या इचलकरंजीत आकडा म्हणजे काय, याला कसं सांगू.
तिथं आकडा लावतात, आकडा फुटतो,
तारेवर आकडा टाकून रात्रपाळीचे माग चालवतात.
माझ्या मामानं तिन्ही केलं, आणि तिन्हीत सापडला.
इथं मी आकडा सांगितला की
हा सहा फुटी माणूस टोपी काढून ऐकतो.

तर आकडे म्हणतात, पोराला दे.
यादिएल कॅम्पुसानो, वय वीस, ताशी सत्त्याण्णव मैल.
आकडे म्हणतात, ऑस्ट्रँडर तिसऱ्या फेरीत मार खातो.
दोनदा फलंदाज त्याच्यासमोर पाहुण्यासारखे अवघडतात,
तिसऱ्यांदा आले की
जावयासारखे पाय पसरून बसतात.

आकड्यांत हे नाही
की पोराचं बँकेतलं खातं ऑस्ट्रँडरनं उघडून दिलं,
तासभर फॉर्म भरत बसला, चष्मा विसरून.
की पोरगा जिंकल्यावर रडतो
आणि हरल्यावर दोन ताटं जेवतो.
की पाऊस यायचा असला तर ऑस्ट्रँडरचा डावा खांदा
आदल्या दिवशी सांगतो,
आणि आज तो गप्प आहे.

प्रॅथर खिशातून चेंडू काढतो.
नवा, पण चिखलानं चोळून मळवलेला.
इथली रीत अशी: ज्यानं सुरुवात करायची
त्याच्या बुटात आदल्या रात्री चेंडू ठेवायचा.
सांगायचं नाही. सकाळी पाय घालताना कळतं.
"तूच ठेव," म्हणाला. "मला आज झोप हवी."
आणि गेला. खरंच गेला.
गाडीचा एक दिवा बंद होता, तो लांबवर दिसत राहिला.

खोलीत ओल्या टॉवेलांचा वास.
दोघांचे बूट शेजारी शेजारी.
पोराचे चकचकीत, आत अजून
दुकानातला कागद बोळा करून कोंबलेला.
ऑस्ट्रँडरच्या डाव्या बुटाचं टोक
माती घासून घासून गेलेलं,
त्यावर चामड्याचं ठिगळ, त्या ठिगळावर डिंक.
मी बराच वेळ उभा होतो.
अहवाल माझा, सही माझी, सतरा पानं.

चेंडू मी ठिगळाच्या बुटात ठेवला.
का, ते नीट सांगता यायचं नाही.
घरी जाऊन चहा केला, तो उतू गेला.

सकाळी चेंडू पोराच्या बुटात होता.
कागदाचा बोळा बाजूला,
नीट सपाट करून, घडी घालून ठेवलेला.
पोरगा चेंडू हातात धरून
एवढासा झाला होता.
ऑस्ट्रँडर बाकावर मनगटाला पट्टी गुंडाळत होता.
त्यानं वर पाहिलं नाही.
फक्त बोटांच्या पेरांवर कसला तरी चिखल होता,
सकाळी साडेनऊला.

प्रॅथरनं पाठीवर थाप मारली, "तुझे आकडे!"
मी म्हणालो, हो.
हे एवढंच खोटं बोललो या मोसमात.
बाकीचं सगळं दशांश चिन्हासकट खरं.

सात वाजता दिवे लागले.
पोरानं छातीवर क्रूस काढला, पाय उचलला,
आणि पहिलाच चेंडू
झेलणाऱ्याच्या डोक्यावरून थेट जाळीवर.
आपण वाईड म्हणू. इथं नुसतं बॉल म्हणतात.

पलीकडे कुंपणापाशी ऑस्ट्रँडर उठला,
जाकीट काढलं, परत घातलं,
आणि बसला.

मी वही उघडली. लिहिलं,
पहिला. बॉल.