चौदा नंबरची ग्लेनगॅरी

सकाळी सातलाच चर्चच्या हॉलमध्ये किटली शिटी मारते
आणि इशबेल काउवी वाफेवर टोप्या धरते,
एकेक,
जशी तिची आई बकीच्या धक्क्यावर
हेरिंगची पोटं साफ करायची,
झटपट, न बघता.

वाफ खाल्ली की काळी लोकर नरम येते.
मग मधली घडी बोटांनी ताठ करायची,
पुढून मागे,
वाळूवर पालथी घातलेली होडी जशी.
कडेने लाल-पांढरी चौकडी,
माथ्यावर लाल गोंडा,
डावीकडे बिल्ला, त्यातल्या हरणाचं
एक शिंग कधीचंच झिजलेलं.
मागे दोन काळ्या फिती.
त्या कशाला, कुणी विचारत नाही.

“उजव्या भुवईवर दोन बोटं,” ती सांगते,
“माझी बोटं, तुमची नव्हेत.”
पाइप मेजर रीडसुद्धा
निमूट मान खाली घालतो.

चौदा नंबरच्या आत, कातडी पट्टीवर, शाईची नावं:
ए. गेडिस. खोडलेलं.
जे. गेडिस. खोडलेलं.
स्लेटर, आणि पुढे एक डाग,
घामाचा, की बिअरचा.
आज ती रोना फ्लेटच्या वाट्याला.
वय अकरा, टेनर ड्रम,
टोपी थेट नाकावर.
मुलं हसली.
रोना हसली नाही.

वर्तमानपत्राची घडी आत सारून पाहिली.
बाहेर खाडीवरून वारा सुटलेला,
वर्तमानपत्राला काय जुमानतो.
इशबेलने कात्री घेतली,
फितींवरचे दोन टाके उसवले,
आणि मुलीच्या मानेमागे
घट्ट गाठ मारली,
ज्यासाठी त्या फिती मुळात होत्या.

“नियमात बसत नाही,” रीड पुटपुटला.
“नियमापेक्षा जुनं आहे,” ती म्हणाली.
“आणि तुझा नियम वाऱ्याला सांग.”

मैदानात पाऊस आला, आडवा.
दोघांच्या टोप्या उडाल्या,
एक तर थेट परीक्षकाच्या चहात.
चौदा नंबर हलली नाही.
बँड सहावा आला. आठांत.

परतीच्या बसमध्ये सगळ्यांनी टोप्या काढल्या.
प्रत्येकाच्या कपाळावर आडवी लाल रेघ,
रंग उतरून थोडी काळपट.
रोना आरशासारख्या खिडकीत
आपली रेघ पुन्हा पुन्हा बघत होती,
पुसत मात्र नव्हती.

इशबेलच्या कपाळावर ती कधीच उमटली नाही.
ती अकराची होती तेव्हा
मुलींच्या हाती ढोल देत नसत,
टोप्या देत. गोंडे शिवायला.

रात्री हॉलमध्ये तिने सगळ्या चपट्या करून
पेटीत रचल्या, नंबरवार.
चौदावी नीट बसेना, गाठीमुळे
झाकण थोडं उघडं राहिलं.
तिने वर बिस्किटांचा डबा ठेवला
आणि दिवा मालवला.