विषय क्रमांक एकोणीस

काल विद्यापीठातली एक मुलगी आली होती.
मालन कुरणेंच्या कारकिर्दीवर लिहितेय म्हणाली,
काही कागद मिळतील का.

कारकीर्द!
सात महिने अकरा दिवस.
आमच्या कोल्हापुरात महापौरपद म्हणजे पंगतीतलं पान.
बसता न बसता मागं कुणीतरी उभं,
तुमचा भात कधी संपतो बघत.

मी सभा-लिपिक. एकतीस वर्षं
लोक बोलले ते लिहिलं,
आणि लिहू नको म्हटलं, ते नाही.

म्हटलं, घे लिहून.
जयंती नाल्याच्या काठच्या सव्वीस खोल्यांना नळ.
पाइप त्याआधी मोरीपाशी थांबायचा,
नकाशात पुढं रेघच नव्हती.
सफाईच्या बायकांना गमबूट.
आले ते सगळे दहा नंबरचे.
एक जोड तिनं भर सभेत टेबलावर ठेवला,
"घाला साहेब, आणि दारापर्यंत चालून दाखवा."
इतिवृत्तात हे आहे :
'मा. महापौरांनी बुटांच्या मापाबाबत विचारणा केली.'

मग विषय क्रमांक एकोणीस.
पंचगंगेकाठच्या स्मशानाची नोंदवही,
रकाना सहावा : जात.
आपल्याकडं जाळायला पैसे पडत नाहीत,
होळीला माणसं पोत्यानं शेणी देऊन जातात,
कुणाच्या दारची शेणी कुणाच्या पाठीखाली लागली
कोण विचारतंय?
"मग वहीच का इचारती?" ती म्हणाली.

एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, पद्धत आहे.
दुसरे म्हणाले, तीनशे छापील वह्या शिल्लक आहेत.
तासाभरानं ठरलं
रकाना राहील,
फक्त रिकामा सोडायचा.
एकमतानं मंजूर. बाकं वाजली.

विषय वीस, त्याच दुपारी.
वारसा हक्कानं नेमणुका, सफाई विभाग.
एक्केचाळीस नावं. मीच वाचली.
त्या यादीत जातीचा रकाना नव्हता.
लागतच नव्हता.
सातवं नाव तिच्या धाकट्या भावाच्या पोराचं,
बी. कॉम., दुसरा वर्ग.
बाहेर व्हरांड्यात एक्केचाळीस घरं पेढे घेऊन उभी.
का नसतील? कायम नोकरी, फंड,
म्हाताऱ्या आईचं औषध.
तिनं पेन उचललं. ठेवलं. परत उचललं.
काहीतरी बोलली.
सचिवांनी माझ्याकडं बघून नुसतं बोट हलवलं
आणि मी माझ्या पेनाला टोपण लावलं.

"काय बोलल्या?" मुलीनं विचारलं.
मी चष्मा पुसत बसलो.
आठवत नव्हतं असं नाही.
माझ्याच अक्षरात नसलेलं ते एवढं एकच वाक्य
मला अक्षरन्‌अक्षर पाठ आहे :

"माझ्या बानं माझ्या हातातला खराटा काढून घेतला
म्हणून मी हितं बसलो.
आज त्योच खराटा मी सही करून देतोय."

मुलीनं लिहून घेतलं. मग म्हणाली,
"पुरावा काय देऊ?"
पान नंबर नाही, ठराव नंबर नाही.
चहा घेऊन गेली बिचारी.

तिला एक गोष्ट सांगितली नाही.

गेल्या आषाढात आमची ही गेली.
घाटावर नोंद करायला उभा राहिलो.
नेमणूक खराट्यावर, पण वही लिहायला बसवलेला
एक पोरगा होता, तिशीचा, कानाला पेन.
नाव विचारलं, सांगितलं.
वय. पत्ता. आजार.
आणि मग
त्यानं विचारलं नव्हतं, तरी
सवयीनं, घसा भरलेला असताना,
मी जात सांगितली.
पोटजातसुद्धा.

त्यानं वर बघितलं नाही.
"त्यो रकाना सोडायचा असतोय, काका,"
म्हणाला,
आणि पेन सातव्यावर नेलं.