धर्मकाटा

फाट्यावर माझा काटा आहे, साठ टनी.
पाटीवर लिहिलंय ‘धर्मकाटा, चोवीस तास चालू’.
खाली पेंटरनं आपल्या मनानं एक संत्रं काढलंय.
संत्री, सरकी, गिट्टी, कोळसा, काट्याला चव नाही.
भरलीतून रिकामी वजा केली की उरतो तो माल.
पावतीचे ऐंशी रुपये.

टेकडीमागच्या कारखान्याच्या गाड्या रात्री येतात.
ताडपत्री करकचून आवळलेली,
मागे नारिंगी चौकटीत स्फोटाचं चित्र.
ड्रायव्हर बिडी कानामागंच ठेवतो.
कुठं, हे मी विचारत नाही.
‘बंदर’, तो न विचारताच सांगतो.
बंदराच्या पुढं समुद्र,
समुद्राच्या पुढं नुसते कागद.

माझ्या बहिणीचा नवरा होमराज तिकडंच असतो,
तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डर.
‘देश एक, फौजा दोन,’ तो फोनवर सांगतो.
‘पंप ज्याच्या ताब्यात, त्याले कंपनी पैसे देते.
मंगळवारी एकाले देल्ले, शुक्रवारी दुसऱ्याले.
तेल एक दिवस थांबलं नाई, भाऊ.
गावं मात्र उठली.’
त्याच्यामागे जनरेटर घुरघुरत होता.
माझ्याही मागे.
लाइट गेली की माझा काटा डिझेलवर जागा राहतो.

दिवाळीत त्यानं फोटो धाडला, तिला नाही, मला.
छावणीतल्या बाया चुलीत पेटीच्या फळ्या घालताहेत.
एका फळीवर काळे आकडे
आणि कोपऱ्यात पॅकरचा शिक्का: सतरा.
‘तिले दाखवजो नोको.’

मी दाखवला.
पुष्पकलानं दोन बोटांनी फोटो मोठा केला,
इतका मोठा की आकड्याचे नुसते ठिपके उरले.
‘मायाच हाय. माया शिक्का डावीकडं कलते.’
मग बराच वेळ काही नाही.
‘कागदावर त दुसरा देश होता.
साहेबानं वाचून दाखवलं होतं, सरावासाठी म्हणून.’
मग, ‘एक गोळा किती भरते तुह्या काट्यावर?’
चार किलो दोनशे, मी म्हणालो,
पण माझा काटा दहाच्या खाली बोलत नाही.
‘म्हंजे एकटा त तुले दिसतच नाई.’
नाही.
‘तिकडं एकटाच येते तो.’

दुसऱ्या दिवशी ती पाच चाळीसच्या बसनं शिफ्टला गेली.
जाणारच होती.
तिच्या घरावरचा स्लॅब अर्धा ह्या पगाराचा,
अर्धा त्या तेलाचा,
आणि पावसात मीही त्याच्याखाली झोपलोय.

आता ती झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिते
आपलं नाव, गाव, तालुका. पिनकोडसुद्धा.
सापडलीस तर?
‘काढतीन.’
मग कशाला लिहितेस?
‘कोणी विचाराले निंघालं, त पत्ता पाह्यजे ना.’

काल पहाटे गाडी आली.
भरली: एकवीस हजार सहाशे चाळीस.
पावती छापली.
खाली ड्रायव्हरची सही, शेजारी काटेवाल्याची.
मी माझी नेहमीची ओढली,
कोणालाच वाचता न येणारी.